दोन किलो चारशे

मी जन्मात कुणाला ठोसा मारलेला नाही. शाळेत एक खाल्लाय, तोही शेजारच्या बाकावरच्या पोरासाठी निघालेला. तरीसुद्धा उत्तर चेन्नईत रायपुरमच्या बाजूला चहाच्या दुकानापाशी मी थांबलो की दोन-चार म्हातारे सरकून बाकावर जागा करतात आणि बॉक्सिंगवर माझं मत विचारतात. प्रश्न ठरलेला असतो: राव सार, आजची सेल्वी मोठी की तेव्हाचा अंदोणी? इकडे मराठी माणूस दिसला की तो राव. दत्तात्रय हुपरीकर हे माझं खरं नाव पगाराच्या कागदाबाहेर कधी पडलंच नाही.

अंदोणी म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा या भागातला राजा, साठ किलो वजनगटाचा, कधीही न हरलेला. सेल्वी आज त्याच साठ किलोंत देशाची विजेती आहे. मला मान एवढ्याचसाठी, की या दोघांचंही वजन मी केलेलं आहे. असा दुसरा माणूस आता हयात नाही.

मी रेल्वेचा पार्सल क्लार्क. वडील मिरजेच्या बाजारात मापाडी होते, तेव्हा काटा आमच्या घरातच होता म्हणा ना. चोविसाव्या वर्षी नोकरी लागली ती थेट मद्रासला. तमिळचा एक शब्द येत नव्हता, पण आकडे सगळीकडे सारखेच. पार्सल ऑफिसात जमिनीलगत लोखंडी पाट असलेला मोठा वजनकाटा होता. पाटावर माल ठेवायचा, समोरच्या दांडीवरचं वजन सरकवत न्यायचं, दांडी आडवी स्थिर झाली की आकडा वाचायचा. वजनमापे खात्याचा माणूस दरवर्षी येऊन त्यावर शिक्का मारून जायचा.

बाहेरच्याला वाटतं, यात काय अक्कल लागते? अहो, सगळी अक्कल बारदानात. माशांच्या टोपल्यांतून बर्फाचं पाणी गळायचं, म्हणून त्या थेट पाटावर न ठेवता आमच्या फळीवर ठेवायच्या. जड खोकी हातगाडीसकट काट्यावर चढवायची. मग या फळीचं, गाडीचं वजन वजा करायचं. त्या वजा करायच्या आकड्याला मी मिरजेच्या बाजारातल्यासारखं बारदान म्हणायचो. काट्याच्या खांबावर खडूनं लिहिलेलं असायचं: हातगाडी अडतीस, फळी अकरा. वर्षभरात हाताला अशी सवय लागली की आकडा दिसायच्या आत वजाबाकी झालेली असायची. या वेगाचा मला भारी अभिमान. दिवसाला दोनशे नग, एकही चूक नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. मैलापूरच्या एक वीणा शिकवणाऱ्या बाई वीणा पाठवायला आल्या की आधी काटा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायला लावायच्या, मग त्याला नमस्कार करायच्या आणि मला सांगायच्या, आकडा हळू आवाजात वाचा. गुम्मिडिपूंडीचा एक कंत्राटदार लोखंडाचे सुटे भाग पाठवायचा आणि दर खेपेला माझा काटा खोटा ठरवायचा. मी चपला काढून स्वतः पाटावर उभा राहायचो. माझं वजन तीस वर्षं चौपन्न किलो. दांडी चौपन्नावर थांबली की तो मुकाट्यानं सही करायचा.

अशा माझ्या राज्यात बॉक्सर शिरले ते शिक्क्याच्या काट्यामुळे.

उत्तर मद्रासमध्ये बॉक्सिंगच्या परंपरा होत्या. आपल्या गाण्यात घराणी असतात तशीच ही, फक्त इथे ताना घेत नाहीत, नाकं फोडतात. गुरू, शागिर्द, शपथा, पिढीजात वैरं, सगळं साग्रसंगीत. लढतीच्या दिवशी सकाळी दोन्ही लढवय्यांचं वजन व्हायचं. साठच्या गटात साठवर एक ग्रॅम चालायचं नाही. आणि एका घराण्याचा दुसऱ्याच्या काट्यावर काडीचा विश्वास नाही. मग कुणाला तरी सुचलं, रेल्वेच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे आणि त्यामागचा क्लार्क इथला नाही, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आमच्या साहेबांना कुस्ती-बॉक्सिंगचा शौक, त्यांनी परवानगी दिली. झालं, मी पंच झालो.

पहिल्याच महिन्यात कळलं की माशांच्या टोपल्या परवडल्या. टोपली लबाडी करत नाही. हे पठ्ठे उभे राहताना कोपरानं भिंतीला टेकायचे. पाठीमागचा दोस्त पाटाखाली अंगठा घालून उचलायचा. एकानं तर माझ्याशी तोंडभर गप्पा मारत खांबाला हात टेकून दीड किलो पळवला होता. मग मी माझी पद्धत काढली. पाटाच्या मधोमध लाकडी स्टूल ठेवायचं. त्यावर बसायचं, पावलं पाटावर, हात गुडघ्यांवर, बाकीच्यांनी चार हात लांब. स्टुलाचं वजन दोन किलो चारशे. खांबावर खडूनं तिसरी ओळ लिहिली. लबाडी एकदम बंद. दोन्ही बाजूंचे गुरू म्हणाले, राव फार कडक माणूस. मी आठवडाभर छाती काढून हिंडत होतो.

आता त्या सकाळचं सांगतो.

अंदोणीविरुद्ध मुनुस्वामी. दोघेही माझ्याच वयाचे. मुनुस्वामी मासेमारी बंदराकडचा, उंच, लाजाळू, डावा हात विजेसारखा. जो जिंकेल त्याला मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात खेळाडू म्हणून नोकरी मिळणार असं बोललं जात होतं, आणि तिथले दोन साहेब लढत बघायला येणारही होते. म्हणजे नुसत्या घराण्याच्या अब्रूचा मामला नव्हता, जन्माच्या भाकरीचा होता.

मुनुस्वामी आधी आला. स्टुलावर बसला. बारदान वजा जाता साठ किलो दोनशे. दोनशे ग्रॅम जास्त. त्याचा गुरू माझ्या विनवण्या करायला लागला, एवढ्यासाठी काय सार. मी म्हटलं, एक तासाची मुदत आहे, नियम तो नियम. मग तो बिचारा दोन घोंगड्या पांघरून मालधक्क्यावर तासभर पळाला. मे महिना, मद्रासचं ऊन. तोंडात चिंच धरून डब्यात थुंकत होता, तेवढंच पाणी कमी. शेवटी स्टेशनसमोरच्या न्हाव्याकडून डोक्याचा गोटा करून आला. पुन्हा स्टुलावर बसला. बरोबर साठ. त्याच्या ओठांना पांढरी पुटं चढली होती. उठता उठता तोल गेला, तेव्हा कुणीतरी ते स्टूलच उचलून दाराबाहेर सावलीत ठेवलं आणि त्याला त्याच्यावर बसवलं.

मग अंदोणी आला, मागे पन्नास माणसं, नुसता गलका. मी म्हटलं, बसा. तो हसून म्हणाला, बसणार नाही. वेलांकण्णीच्या मातेला त्याचा नवस होता: लढतीच्या दिवशी उठल्यापासून शेवटची घंटा होईपर्यंत बूड टेकायचं नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटातही तो कोपऱ्यात उभाच राहायचा. लोक त्यासाठीच त्याच्यावर फिदा. देवाची गोष्ट, मी तरी काय म्हणणार? हात वर करून पाटाच्या मधोमध उभं राहायला सांगितलं, सगळ्यांना लांब हटवलं, दोनदा वाकून पाटाखाली बघितलं. वजन सरकवलं. आकडा पाहिला आणि खड्या आवाजात वाचला: एकोणसाठ आठशे. वहीत लिहिला. मुनुस्वामीच्या गुरूचीही सही घेतली.

संध्याकाळी रिंगच्या अगदी पुढच्या रांगेत मला खुर्ची होती. पहिली फेरी बरोबरीची झाली. घंटा वाजली. अंदोणी आपल्या कोपऱ्यात उभा राहिला. मुनुस्वामी आपल्या कोपऱ्यात स्टुलावर बसला, तो चकचकीत गोटा खाली घालून.

आणि मला सकाळ आठवली. सकाळी अंदोणी पाटावर उभा असताना स्टूल दाराबाहेर होतं. त्यावर हाच बसला होता, असाच. मग मी बारदान कशाचं वजा केलं?

काटा बासष्ट दोनशे दाखवत होता. मी न ठेवलेल्या स्टुलाचे दोन किलो चारशे काढून टाकले होते. लबाडी पकडायला केलेलं स्टूल माझ्या हाताच्या सवयीत जाऊन बसलं होतं आणि मीच माझ्या काट्याला फसवलं होतं. दोनशे ग्रॅमसाठी मी एकाला उन्हात पळवलं आणि बावीसशे ग्रॅम जास्त असलेल्याला आत सोडलं.

उठून ओरडायला हवं होतं. एक मिनिट होतं. माझं प्रोबेशन संपायला दोन महिने होते, आजूबाजूला चार हजार माणसं होती, हे सगळं खरं; पण त्याहून खरं म्हणजे, मापाड्याच्या पोराची चूक झाली हे माझ्या तोंडून निघेना. भ्यालो आणि लाजलो. घंटा वाजली. चौथ्या फेरीत मुनुस्वामी पडला तो उठला नाही. अंदोणी आवडीच्या कारखान्यात लागला, क्वार्टर मिळाली, नाव झालं. त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत काही ठाऊक नव्हतं. मुनुस्वामीनं ग्लोव्हज गुरूच्या पायाशी ठेवले आणि बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायला लागला. पुन्हा रिंगमध्ये चढला नाही.

वर्षं गेली. माझं लग्न झालं. सुगुणा तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिची मराठी ऐकून माझ्या आईला वाटलं होतं, मुलगी एखाद्या जुन्या पोथीतून उठून आलीय. परंपरांच्या लढती हाणामाऱ्यांपायी बंद पडल्या, ऑफिसात इलेक्ट्रॉनिक काटा आला. जुन्या सामानाची विल्हेवाट लागली तेव्हा ते स्टूल मी मागून घेतलं. का, ते सुगुणेनं विचारलं नाही. ती त्याच्यावर चढून वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी काढायची.

निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धांत वजनाच्या टेबलावर मदतीला बोलावू लागले. नव्या पोरांचं वजन बघणं म्हणजे निराळीच मजा. कोणी थुंकत नाही, कोणी टक्कल करत नाही. फोनमध्ये बघून भात मोजून खातात. पंधरा वर्षांची एक मुलगी आली, काट्यावर चढायच्या आधीच म्हणाली, एकोणसाठ नऊशे चाळीस. काटा तेवढाच. मी मनातून उठून सलाम केला. ही सेल्वी. तिच्या मागे उभा म्हातारा पाहिला आणि माझा हात टेबलावरच राहिला. मुनुस्वामी. ती त्याची नात, आणि तिला पहिला ठोसा त्यानंच शिकवला होता.

त्यानं मला ओळखलं, हात जोडले आणि नातीला कौतुकानं सांगितलं की हे राव सार, यांच्या काट्यावर वीस ग्रॅमसुद्धा सुटत नाहीत. पुढे प्रत्येक स्पर्धेला तो हेच वाक्य कुणाला ना कुणाला ऐकवायचा. मला वाटायचं, त्यापेक्षा यानं एक ठोसा हाणावा.

गेल्या पोंगलला वस्तीतल्या मंडळानं पट्टिमन्ड्रम ठेवलं. हा अस्सल तमिळ प्रकार: सणाच्या दिवशी स्टेजवर दोन पक्ष एकाच प्रश्नावर कडाकडा भांडतात, लोक हसून लोळतात आणि शेवटी मधला नडुवर, म्हणजे पंच, निकाल देतो. विषय ओळखलाच असेल: थोर कोण, कालचे की आजचे? नडुवर कोण, तेही ओळखा. माझं मोडकंतोडकं तमिळ हाच म्हणे करमणुकीचा अर्धा कार्यक्रम.

घरी मी दोन दिवस जेवलो नाही नीट. सुगुणेला हे सगळं मी कधीतरी सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मनांत ठेवून काय करतांत? सांगून टाका की हो. तो अजून जिता आहे."

त्या संध्याकाळी मैदान भरलेलं. कालच्यांच्या बाजूनं अंदोणीचा मुलगा रॉबर्ट, तोही आवडीतच नोकरीला, बाप वारल्यावर बापाची कीर्ती सांभाळून असलेला सज्जन माणूस. आजच्यांच्या बाजूनं एक शाळेतल्या बाई. रॉबर्टचं म्हणणं, आमचे लोक सहा-सहा फेऱ्या लढायचे, पातळ ग्लोव्हजनी, आणि ताकद सात बकऱ्यांच्या पायाच्या सूपची. बाई म्हणाल्या, मग पदक बकऱ्यांना द्या. सेल्वी एका फेरीत जितकं पायांनी फिरते तितकं अंदोणी अख्ख्या लढतीत फिरत नव्हता. आणि तिच्या प्रत्येक चुकीचा व्हिडिओ आहे, जुन्यांच्या चुका त्यांच्याबरोबर गेल्या. रॉबर्ट म्हणाला, दाखवा तर एक तरी चूक. टाळ्या नुसत्या कडकडत होत्या. मीही हसत होतो.

मग रॉबर्टनं हुकमाचं पान काढलं. माझी जुनी वजनाची वही मी मंडळाच्या व्यायामशाळेला दिली होती. तिथे ती काचेच्या कपाटात असते. त्यानं ती उघडून वाचली: मुनुस्वामी साठ, अंदोणी एकोणसाठ आठशे. म्हणाला, माझे वडील वजनानं दोनशे ग्रॅम कमी असूनही असे लढले, आणि हे कोणाच्या अक्षरात आहे? समोर बसलेल्या नडुवरांच्याच.

वही माझ्या हातात आली. समोर पहिल्या रांगेत मुनुस्वामी बसलेला, शेजारी सेल्वी.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. स्टूल, नवस, बारदान, कोपऱ्यातलं ते मिनिट, सगळं. तमिळ कुठे चुकलं असेल ते चुकलं, कोणी हसलं नाही. अंदोणीचा यात काही दोष नाही, हे तीनदा सांगितलं. रॉबर्ट खाली मान घालून उभा होता. मागून दोघंतिघं ओरडायला लागले, मग निकाल फिरवा, विजय मुनुस्वामीला द्या.

मुनुस्वामी उठला. पायऱ्या चढायला सेल्वीनं हात दिला. त्यानं विचारलं, चूक झाली की तुमच्या रेल्वेत काय करतात? मी म्हटलं, खोडत नाहीत. एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी सही.

"मग करा," तो म्हणाला.

मी रेघ मारली. बासष्ट दोनशे लिहिलं. शेजारी सही केली.

मुनुस्वामीनं माइक घेतला. "वजन बदललं. निकाल तसाच राहू द्या. मी खाली पडलो होतो, हे सगळ्यांनी बघितलंय." मग तो माझ्याकडे वळला. आवाज वाढवला नाही. "पण राव सार, एवढं दुसऱ्या दिवशी जरी सांगितलं असतंत. मला वाटलं, माझ्याच वजनाच्या माणसापुढे मी कमी पडलो. दोन किलोंचा फरक आहे हे कळलं असतं, तर मी परत आलो असतो."

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, त्यानं दंड धरून थांबवलं. त्या वयातही पकड अशी, की दोन दिवस वळ होता. निकाल मी दिला नाही. एक वजन खोटं आणि एक लढवय्या तिशीच्या आत घरी बसलेला; कशाची कशाशी तुलना करणार होतो? लोकांनी फारशी कुरकुर केली नाही. रॉबर्ट मात्र खाली उतरून मुनुस्वामीच्या शेजारी जाऊन बसला आणि बराच वेळ तिथेच होता.

पुढच्या रविवारी सकाळी दारात स्कूटर थांबली. सेल्वी चालवत होती, मागे मुनुस्वामी. सुगुणेनं कॉफी ठेवली, खुर्ची पुढे केली. त्यानं खुर्चीकडे पाहिलंच नाही. स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल त्याला दिसलं. जाऊन त्यावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, अगदी शिकवल्यासारखे.

"हेच ना? दोन चारशे?"

"आता दोन दोनशे," मी म्हणालो. "लाकूड वाळलं."

"मीही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

कॉफी संपल्यावर त्यानं ते स्टूल मागितलं. सेल्वीच्या सरावाच्या रिंगमध्ये कोपऱ्यात ठेवायला. सुगुणा म्हणाली, माझी लोणच्याची बरणी कोण काढणार? सेल्वीनं उठून बरणी काढून तिच्या हातात दिली, स्टूल खांद्याला लावलं, आणि तिघंही स्कूटरवरून गेली, म्हणजे ती, आजोबा आणि स्टूल.

आता मी दर रविवारी तिथे जातो. सेल्वीला येत्या स्पर्धेची तयारी करायची आहे, आणि वजन मीच बघावं असा मुनुस्वामीचा हट्ट आहे. मी काट्याचा आकडा वाचतो. तो वाकून पाटावर दुसरं काही आहे का, ते बघतो. मग आम्ही दोघंही तो आकडा पुन्हा एकदा वाचतो.